अंगावरून वारे जाते, घाला छातीवर पडतो

वाचकहो, आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

साल १९९७. मला या गावात दवाखाना थाटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. आमच्या पेठेत एक निवृत्त शिक्षक राहत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. मी स्वतः चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलो. एके दिवशी पहाटे ते उठले आणि मोरीच्या उंबऱ्याशीच कोसळले. मला बोलावणे आले. जाऊन पाहतो तो उजवा हात, उजवा पाय लुळा, तोंड वाकडे, शब्द फुटत नव्हता. अंगावरून वारे गेले होते. मोठ्या शहरात न्यायचे की नाही यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी ‘आता या वयात हाल नकोत’ असे ठरले. मी घरीच सलाईन लावले, रक्तदाबाची काळजी घेतली आणि निघताना काकूंना म्हणालो, "चमच्याचमच्याने पाणी, मुगाचे कढण देत राहा. ताकद टिकली पाहिजे."

काकूंनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. तीन दिवस, तीन रात्री उशाशी बसून त्यांनी चमच्याने पाणी पाजले. चौथ्या दिवशी ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. मी इंजेक्शने बदलली, पण आठव्या दिवशी गुरुजी गेले. लोक म्हणाले, "वाऱ्याने नेले. वयही झालेच होते." मीही मान डोलावली.

पुढे काही वर्षांनी वाचन वाढले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मेंदूच्या त्या झटक्यातून गुरुजी कदाचित तगले असते. त्यांना नेले ते न्यूमोनियाने. आणि छातीत जे गेले, त्यातला बराचसा भाग माझ्या सांगण्यावरून, काकूंच्या हाताने, अत्यंत मायेने गेलेला होता. काकूंना हे मी कधीच सांगितले नाही. त्या आता हयात नाहीत. पण आजही आठवड्या-पंधरवड्यात एखाद्या घरी मला तेच दृश्य दिसते. पेशंट आडवा, तोंड वाकडे, आणि कोणीतरी फुलपात्र घेऊन घोट घोट पाणी ओतते आहे. म्हणून हा विषय घेतला आहे.

श्वास हे मेंदूचे काम

आपली एक ठाम समजूत असते की दम लागला की दोष छातीचा, आणि हातपाय लुळे पडले की दोष मेंदूचा. शाळेच्या पुस्तकात दोन वेगळे धडे असतात, मोठ्या इस्पितळात दोन वेगळे मजले असतात. शरीराला मात्र ही वाटणी मान्य नाही.

फुप्फुस स्वतःहून श्वास घेत नाही. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरच्या टोकाला लंबमज्जा नावाचा भाग आहे. श्वासाचा ठेका तिथे ठरतो. तिथून हुकूम सुटतो, चेतांमधून म्हणजे नसांमधून तो छातीच्या पडद्यापर्यंत जातो, आणि मग भाता हलतो. ही वाट मध्येच तुटली तर फुप्फुस धडधाकट असूनही माणूस गुदमरतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या रोगाचे अनेक रुग्ण निघाले, ते आपल्या स्मरणात असेल. त्या रोगात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच नसांवर उलटते. काही रुग्णांना व्हेंटिलेटर लावावा लागला, तो नसा आणि स्नायू थकल्यामुळे. ते उदाहरण नसांचे झाले. आजचा विषय त्याच्या शेजारचा आहे, आणि कितीतरी अधिक घरांत घडणारा आहे: मेंदूला इजा झाली की तिथे जी प्रतिकाराची धावपळ होते, तिची किंमत फुप्फुसाला कशी मोजावी लागते.

उघडे दार

पक्षाघातात न्यूमोनिया का होतो, याचे पहिले कारण सरळ आहे. घशात दोन वाटा जवळजवळ आहेत. एक अन्नाची, दुसरी श्वासाची. आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेवरचे झाकण नेमक्या क्षणी मिटते. हे वरकरणी सोपे वाटते, पण त्यामागे मेंदूचा मोठा हिशेब असतो. मेंदूला झटका बसला की हा हिशेब चुकतो. पक्षाघात झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांना पहिल्या काही दिवसांत नीट गिळता येत नाही. मग पाणी, चहा, दूध आणि स्वतःची लाळसुद्धा थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते.

आपण म्हणाल, ठसका लागेल की! इथेच फसगत होते. ठसका हीसुद्धा मेंदूचीच करामत आहे. अनेक रुग्णांत ठसका लागतच नाही. पाणी मुकाट्याने छातीत जाते आणि पाजणाऱ्याला वाटते, "बघा, कसे छान गिळतात." मुगाचे कढण फार पातळ, म्हणून ते निर्धोक असेही समजू नका. गिळणे बिघडलेल्या माणसाला पातळ पदार्थच जास्त चकवतात, कारण ते झाकण मिटायच्या आत घशाशी पोचतात.

झोपलेला पहारेकरी

पण एवढ्याने कोडे सुटत नाही. आपल्यासारख्या धडधाकट माणसाच्याही घशातून रात्री झोपेत थोडी लाळ छातीत उतरत असते. आपल्याला रोज न्यूमोनिया होत नाही, कारण फुप्फुसात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. जंतू आला की तो टिपला जातो. मग पक्षाघाताच्या रुग्णातच तो पहारा कुठे जातो?

याचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाती आले. जर्मनीत बर्लिनच्या शॅरिटे या जुन्या आणि नामांकित रुग्णालयातील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ बंद करून त्यांना पक्षाघातासारखा विकार घडवला. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. झटका बसलेला मेंदूला, पण रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या लढाऊ पेशी झपाट्याने घटल्या, आणि तीन दिवसांत उंदरांच्या फुप्फुसात व रक्तात जंतू वाढलेले आढळले. कोणी ते जंतू बाहेरून घातले नव्हते.

२००६ साली याच गटाने आणखी एक प्रयोग छापला. न्यूमोनियाचे जंतू मोजून उंदरांच्या नाकात सोडले. पक्षाघात झालेल्या उंदरांना गंभीर न्यूमोनिया व्हायला अवघे २०० जंतू पुरले. ज्या उंदरांच्या मेंदूला इजा नव्हती, त्यांना तितकाच आजार व्हायला २ लाख जंतू लागले. २०० आणि २ लाख! हजारपटीचा फरक. फुप्फुस तेच, जंतू तेच. बदलला होता फक्त मेंदू.

मेंदूतली आग आणि बाहेरचा हुकूम

हे घडते कसे? मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत. त्यांना मेंदूचे रखवालदार म्हणता येईल. रक्तपुरवठा तुटून मेंदूचा एखादा भाग मरू लागला की हे रखवालदार जागे होतात. ते सायटोकाइन नावाची रसायने सोडतात, कुमक बोलावतात, मेलेला भाग साफ करू लागतात. त्या जागी सूज येते, दाह होतो. घरात आग लागली की धावाधाव होते, तसाच हा प्रकार.

आता मेंदू हे काही साधे घर नव्हे, ती राजधानी आहे. तिथला गोंधळ साऱ्या मुलखाला कळतो. मेंदूतून तीन वाटांनी हुकूम सुटतात. एक वाट संकटाच्या वेळी अंगावर काटा आणणाऱ्या, छाती धडधडवणाऱ्या नसांची. दुसरी व्हेगस या लांबलचक नसेची, जी मेंदूच्या बुडापासून निघून हृदय, फुप्फुस, पोटापर्यंत पोचते. तिसरी मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींची. या वाटांनी अॅड्रिनालिनसारखी रसायने आणि कॉर्टिसॉल हे स्टिरॉइड वाढते. त्यांचा परिणाम एकच होतो: शरीरातील लढाऊ पेशींना लगाम बसतो. काही मरतात, काही सुस्तावतात.

मेंदूने आपल्याच फौजेला असे का आवरावे? शास्त्रज्ञांचा एक तर्क असा आहे की, मेंदू फुटतो तेव्हा त्याच्या आतली द्रव्ये रक्तात येतात. फौजेने त्यांना परके समजून मेंदूवरच चाल केली तर अनर्थ होईल. म्हणून मेंदू स्वतःला वाचवण्यासाठी फौजेला थोपवतो. मेंदू वाचतो, पण त्याच वेळी फुप्फुसाच्या वेशीवरचा पहारेकरी डुलकी घेतो. दार उघडे, पहारेकरी झोपलेला, आणि त्यातच आपण चमच्याने पाणी ओततो. मग जंतूंना आणखी काय हवे?

बर्लिनच्या प्रयोगात त्या घाबरगुंडीच्या नसांना आवरणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिले, तेव्हा उंदरांचा न्यूमोनिया टळला. हे औषध आपल्यापैकी काहींच्या घरातही असेल. पण कृपा करून हा लेख वाचून कोणी ते रुग्णाला देऊ नका. माणसांत हा उपाय सिद्ध झालेला नाही, आणि रक्तदाब व नाडी एकदम खाली गेली तर होणारे नुकसान मोठे आहे.

मग आधीच अँटिबायोटिक का नको?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनाही मोह होतो. न्यूमोनिया होणारच असेल, तर पहिल्या दिवसापासून भारी इंजेक्शन का सुरू करू नये?

२०१५ साली याची दोन मोठी उत्तरे आली. नेदरलँडमध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना पहिल्या दिवसापासून सेफ्ट्रिअॅक्सोन हे आपल्याकडेही सर्रास वापरले जाणारे इंजेक्शन दिले. तीन महिन्यांनंतर त्यांची प्रकृती इतरांहून चांगली निघाली नाही. ब्रिटनमध्ये गिळता न येणाऱ्या बाराशेहून अधिक रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला. तिथेही आधीपासून अँटिबायोटिक देऊन न्यूमोनिया कमी झाला नाही. जंतूंना मारणारे औषध बाहेरून आले, तरी झोपलेला पहारेकरी जागा होत नाही आणि उघडे दारही मिटत नाही. न्यूमोनिया झाल्यावर अँटिबायोटिक हवेच, आणि लवकर हवे. पण होण्याआधी त्याचा मारा करणे म्हणजे पैसा वाया आणि औषधाला न दबणारे जंतू पोसणे.

आता याच्या शेजारी ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास ठेवून पाहा. न्यू साउथ वेल्स राज्यात पक्षाघाताच्या १९ विभागांत तो झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या विभागांत परिचारिकांना, म्हणजे नर्सबाईंना, तीनच गोष्टी शिस्तीने करायला शिकवल्या: ताप आला की लगेच उतरवायचा, रक्तातली साखर वाढू द्यायची नाही, आणि गिळण्याची तपासणी केल्याशिवाय तोंडात काही जाऊ द्यायचे नाही. तीन महिन्यांनंतर हिशेब केला. नेहमीच्या पद्धतीच्या विभागांत दगावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण शंभरात ५८ होते. या तीन गोष्टी पाळणाऱ्या विभागांत ते ४२ होते. कोणतेही नवे औषध नाही, कोणतेही यंत्र नाही.

रस्ता दुहेरी आहे

मेंदूची झळ फुप्फुसाला लागते, तशी फुप्फुसाची मेंदूलाही लागते. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी २०२० साली उंदरांवरचा एक प्रयोग छापला. इजा केली होती फक्त फुप्फुसाला. पण थोड्या दिवसांत लंबमज्जेत, म्हणजे श्वासाचा ठेका जिथे ठरतो त्या परिसरात, दाहाच्या खुणा सापडल्या आणि उंदरांच्या श्वासाची लय बदलली.

आपल्या घरात याचे रूप साधे असते, पण ओळखू येत नाही. सत्तर-ऐंशीच्या आजोबांना न्यूमोनिया होतो, तेव्हा कधी कधी ताप नसतो, खोकलाही फारसा नसतो. ते अचानक बरळू लागतात, दिवस-रात्रीचे भान जाते, घरच्यांना ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, "म्हातारचळ लागला." काही ठिकाणी अंगारा लावला जातो. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत असा बदलला तर आधी त्याची छाती तपासून घ्या. अंगातल्या जंतुसंसर्गाची धग मेंदूपर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते.

घरी काय करायचे, काय टाळायचे

एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजा आणि १०८ ला फोन करा. लक्षणे सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. मेंदूच्या नसेतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे किती वाजता सुरू झाली, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतात.

रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, तुळशीचे पाणी नाही, गंगाजल नाही, साखर नाही. रोजची रक्तदाबाची गोळीही नाही. कोणी सांगेल, "अॅस्पिरीन द्या." तीही नको. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात अॅस्पिरीन घातक ठरते. घशाला कोरड पडली असे वाटले तर ओल्या फडक्याने ओठ पुसा. फडके नीट पिळून घ्या, पाणी आत गळता कामा नये. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल.

कबुतराच्या रक्ताने मालिश करणे, लकव्याचा काढा नाकात सोडणे, या फंदात पडू नका. मालिशने साडेचार तास जातात आणि काढ्याने छाती.

इस्पितळात गेल्यावर एक प्रश्न न लाजता विचारा: "गिळण्याची तपासणी झाली का?" ही तपासणी अवघ्या काही मिनिटांची असते. रुग्ण जागा हवा, ताठ बसवलेला हवा. मग थोडे पाणी देऊन शिकलेली नर्स किंवा डॉक्टर पाहतात: ठसका लागतो का, आवाज ओला, गुरगुरता होतो का, पाणी ओठांतून गळते का. ही चाचणी घरी करून पाहू नका.

गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालतात. आपल्याकडे नळी म्हटली की घरचे डोळ्यांत पाणी आणतात. "नळी म्हणजे शेवट" असे मानून कित्येक जण नकार देतात आणि पुन्हा चमच्याकडे वळतात. बहुतेकांची नळी काही दिवसांची किंवा आठवड्यांची सोबत असते. गिळणे सुधारले की ती निघते. मात्र नळी घातली म्हणजे धोका सरला असेही नाही. नळीतून भरवताना आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच ठेवा. आडवे ठेवून भरवले तर पोटातले वर येऊन छातीत जाते.

तोंडाची सफाई दोन वेळा करा. जेवत नाहीत म्हणून दात कशाला घासायचे, असे म्हणू नका. न जेवणाऱ्याच्या तोंडात जंतू जास्त माजतात, आणि लाळेबरोबर तेच खाली उतरतात. कवळी असेल तर काढून ठेवा.

पहिले सात दिवस छातीवर नजर ठेवा. न्यूमोनिया बहुधा याच दिवसांत गाठतो, दहा रुग्णांत साधारण एकाला. रुग्ण शांत असताना पोटावर हलका हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास होतात. २४ च्या वर जाऊ लागले, ताप आला, आवाज गुरगुरू लागला किंवा रुग्ण अधिक झोपाळू झाला तर लगेच डॉक्टरांना सांगा. कोविडच्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, तो काढा. आकडा ९४ च्या खाली जाऊ लागला तर सकाळची वाट पाहू नका.

माझे मागणे

आपल्या जिल्ह्यात मेंदूचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. ते वाढतील तेव्हा वाढोत. पण गिळण्याची तपासणी करायला मेंदूचा डॉक्टर लागत नाही. शिकलेली नर्स ती करू शकते. म्हणून माझे म्हणणे असे: ग्रामीण रुग्णालय असो, उपजिल्हा रुग्णालय असो की दहा खाटांचे खाजगी इस्पितळ, पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की त्याच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर एक ओळ असावी: ‘गिळण्याची तपासणी: झाली / बाकी’. आणि ‘बाकी’ असेल तोवर खाटेला ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी ठळक पाटी लावावी. पाटीला दहा रुपये लागतात. न्यूमोनियाच्या आठ दिवसांच्या अतिदक्षता विभागाला किती लागतात, हे ज्यांनी शेत किंवा दागिना गहाण टाकला त्यांना विचारा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. आपण पहिल्यांदा घरी पोचतो आणि लोक आपले ऐकतात. ‘थोडे थोडे पाजत राहा’ हे आपले वाक्य आता बंद करू या. मी ते म्हटले होते, आणि काकूंनी ते अक्षरशः पाळले होते.

शेवटी गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. जवळच्या एका वाडीवरच्या आजींना सकाळी चुलीपुढेच झटका आला. घरात बायकांची गर्दी झाली. आजींची नणंद तांब्या घेऊन पुढे आली, "घोटभर पाणी तरी घाला गं तिच्या तोंडात." नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या नातीने तांब्या धरला आणि म्हणाली, "आत्याआजी, आत्ता नको. पाणी छातीत जाईल." म्हातारी रागावली, "मरताना पाणी तोडतेस?" पोरगी रडली, पण तांब्या सोडला नाही.

आजींना वेळेत इस्पितळात नेले. गिळण्याची तपासणी झाली, नळी लागली, उशी उंच राहिली, तोंड स्वच्छ राहिले. इतके करूनही पाचव्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झालाच. पहारेकरी झोपला की असे होऊ शकते, सारा दोष माणसांचा नसतो. पण श्वास २६ झाल्याचे नातीने मोजून रात्रीच सांगितले आणि औषध तेव्हाच सुरू झाले. तीन आठवड्यांनी आजी घरी आल्या. डावा हात अजून साथ देत नाही. परवा तपासणीला आल्या तेव्हा बाकावर बसून स्वतःच्या हाताने चहा पीत होत्या. नणंद शेजारी बसली होती आणि म्हणत होती, "वहिनी, हळू पी. घाई नको."